मेमरी धरून कोण बसलंय?

पीएचपीत काही वर्षं काढलेल्या माणसाला १३४२१७७२८ हा आकडा ओळखीचा असतो. तो कुणी मुद्दाम पाठ करत नाही. एरर लॉगमध्ये तो इतक्यांदा दिसतो की आपोआप डोळ्यांत बसतो. १२८ गुणिले १०२४ गुणिले १०२४, म्हणजे १२८ एमबीचे बाइट. मेमरी_लिमिट नावाच्या सेटिंगची मूळ किंमत एवढी असते. स्क्रिप्टनं ती ओलांडायचा प्रयत्न केला की पीएचपी तिला जागच्या जागी थांबवतं आणि लॉगमध्ये लिहितं: परवानगी एवढ्या बाइटची होती, ती संपली, आणखी एवढे मागत होता, अमुक फाइल, तमुक ओळ.

नवखा माणूस त्या ओळीवर तुटून पडतो. ती ओळ उघडतो, उलटसुलट करून बघतो, दोन व्हेरिएबल कमी करतो. पण ती ओळ बहुतेक वेळा निर्दोष असते. गच्च भरलेल्या एसटीत शेवटच्या थांब्यावर चढलेल्या माणसाला कंडक्टरनं खाली उतरवावं, तसं तिचं होतं. जागा आधीच्यांनी व्यापलेली असते. संपल्यानंतर मागायला आली एवढाच तिचा गुन्हा. मेमरीच्या दुखण्यात पुरावा सहसा भलत्याकडेच बोट दाखवतो, आणि हे मी ज्या कामात नीट शिकले ते काम इथं सांगायचं आहे. त्या कामात तर लॉगमधली ती ओळसुद्धा आमच्या नशिबी नव्हती.

आधी थोडं पीएचपीच्या स्वभावाबद्दल सांगायला हवं. रासमुस लेरडॉर्फ यांनी १९९५ मध्ये ही साधनं लोकांपुढे ठेवली तेव्हापासून पीएचपीची मूळ रीत एकच आहे: ब्राउझरची विनंती आली, स्क्रिप्ट जन्माला आली, पान तयार करून दिलं, स्क्रिप्ट संपली. संपताना तिनं घेतलेली सगळी मेमरी एका फटक्यात परत जाते. पीएचपी चालवणाऱ्या झेंड इंजिनाचा स्वतःचा मेमरी मॅनेजर आहे. तो ऑपरेटिंग सिस्टिमकडून मोठे तुकडे घेतो, आजच्या आवृत्त्यांत दोन-दोन एमबीचे, आणि त्यातून स्क्रिप्टला लहान तुकडे वाटतो. विनंती संपली की कुणी काय घेतलं होतं याची चौकशी न करता सगळा हिशेब पुसून टाकतो. ही फार उदार व्यवस्था आहे. पीएचपीनं लाखो लोकांना वेबवर आणलं त्यात या उदारपणाचा मोठा वाटा आहे असं मला मनापासून वाटतं. अर्ध्या सेकंदाच्या आयुष्यात स्क्रिप्टनं मेमरी सांडली काय नि जपली काय, फरक पडत नाही. सी भाषेत लिहिलेल्या एक्स्टेन्शनमधून काही झिरपलंच, तर अपाचीत ठरावीक विनंत्यांनंतर प्रोसेस बदलायची सोय होती. पुढे पीएचपी-एफपीएममध्येही तशी सेटिंग आली. त्यामुळे पीएचपीवाल्यांच्या एका अख्ख्या पिढीला मेमरीकडे बघायची सवय लागली नाही, कारण गरजच पडली नाही.

गरज पडते ती स्क्रिप्टचं आयुष्य वाढतं तेव्हा.

आमचं काम एका प्रवेशपरीक्षेचं होतं. विद्यार्थ्यानं अर्ज भरायचा, फी भरायची, आणि यथावकाश त्याला हॉलतिकीट मिळायचं. फी जमा झाली की एक जॉब रेडिसच्या रांगेत पडत असे. मागे चार वर्कर, म्हणजे कमांड लाइनवर अखंड चालणाऱ्या पीएचपीच्या चार प्रोसेस, त्या रांगेतून एकेक जॉब उचलत. विद्यार्थ्याची माहिती डेटाबेसमधून काढायची, फोटो आणि सही योग्य आकारात कापायची, बारकोड घालायचा, पीडीएफ बनवायची, ती डेटाबेसमध्ये ठेवायची आणि मेल पाठवायचा. सगळं एकाच चार जीबीच्या उबुंटू सर्व्हरवर, मायएसक्यूएलही तिथेच. पैसे वाचवायचे होते, आणि एरवी एवढं पुरलंही असतं.

फोन यायचा तो असा: डेटाबेस पडलाय. साइट बंद, लॉगिन बंद, मुलं ताटकळलेली. नंदुरबारकडचा मुलगा तालुक्याच्या गावी जाऊन सेवा केंद्रातून प्रिंट काढणार असतो. तो ज्या तासाला तिथं पोचला त्याच तासाला साइट बंद असेल तर त्याचं एसटीचं भाडं आणि अख्खा दिवस गेला. मला त्या मुलाचा विचार सोडवत नसे. सर्व्हरचा आलेख चढतो-उतरतो तेव्हा त्या रेघेच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी उभं असतं.

मायएसक्यूएल पडतं म्हणून सगळ्यांचा राग मायएसक्यूएलवर. क्वेऱ्या तपासल्या, इंडेक्स तपासले, बफर पूल कमी करून पाहिला. आमच्या सर्व्हरची देखभाल करणारे एक ज्येष्ठ गृहस्थ होते, सगळे त्यांना काका म्हणायचे. त्यांनी मायएसक्यूएलचा लॉग माझ्यासमोर उघडला आणि म्हणाले, "अगं, हे बघ. मध्येच तुटलाय. स्वतःहून पडणारा प्रोग्रॅम जाताना दोन शब्द लिहून जातो. हा पडला नाहीये, याला मारलंय." मग त्यांनी कर्नलचे संदेश काढून दाखवले. तिथं स्वच्छ लिहिलेलं होतं: मेमरी संपली, अमुक क्रमांकाची प्रोसेस मारली, नाव मायएसक्यूएलडी.

लिनक्समध्ये मेमरी खरोखर संपली की कर्नल एका प्रोसेसचा बळी देतो. तो कुणाचा द्यायचा हे ठरवताना सगळ्यांत जास्त वजन असतं ते त्या घडीला कोण किती मेमरी वापरतंय याला. गेल्या तासाभरात कोण किती फुगलं, हे तो बघत नाही. मायएसक्यूएल सुरुवातीपासून दोन जीबी घेऊन शांत बसलेलं. आमचे वर्कर प्रत्येकी काहीशे एमबीवर, पण दर मिनिटाला वाढणारे. भार असह्य झाला की जो सर्वांत मोठा दिसेल तो जाणार, म्हणजे ज्याचं काहीच चुकलेलं नाही तो डेटाबेस. तो गेला की दोन जीबी मोकळे, आणि वर्कर पुन्हा आरामात वाढायला मोकळे.

मग मेमरी_लिमिटनं वर्करला आधीच का अडवलं नाही? कारण डेबियन आणि उबुंटूवर कमांड लाइनच्या पीएचपीची कॉन्फिगरेशन फाइल वेगळी असते आणि तिच्यात ही मर्यादा उणे एक ठेवलेली असते. उणे एक म्हणजे मर्यादाच नाही. वेबमागची स्क्रिप्ट १२८ एमबीला अडते. तोच कोड वर्कर म्हणून चालवला की त्याला लगाम उरत नाही.

त्या दिवशी काकांनी मायएसक्यूएलच्या सर्व्हिस फाइलमध्ये एक ओळ घातली, कर्नलनं त्याला मारण्याच्या यादीत खाली ढकलावं म्हणून. "जो खातो त्यानंच पडावं," एवढंच म्हणाले. त्या एका ओळीनं साइट सावरली. आता वर्कर मरत, सुपरव्हायजर नावाचा प्रोग्रॅम त्यांना पुन्हा उठवत असे, आणि मुलांना लॉगिन तरी होत असे. पण जॉबच्या मधोमध मेलेला वर्कर म्हणजे पीडीएफ झाली पण मेल गेला नाही, किंवा मेल गेला पण तशी नोंद झाली नाही म्हणून दुसऱ्यांदा गेला. एखाद्या मुलाला दोन हॉलतिकिटं आणि एखाद्याला एकही नाही. हे चालवून घेण्यासारखं नव्हतं.

शोध सुरू केला तेव्हा पहिलं काम होतं मोजायचं काय हे ठरवण्याचं. मेमरी किती वाढतेय हा एक प्रश्न नाही, ते तीन प्रश्न आहेत. स्क्रिप्टमधल्या ऑब्जेक्ट, ॲरे, स्ट्रिंग यांनी प्रत्यक्ष किती व्यापली, हे मेमरी_गेट_युसेज सांगतं. त्याच फंक्शनला ट्रू दिलं तर झेंडच्या मॅनेजरनं सिस्टिमकडून एकूण किती घेऊन ठेवली ते कळतं. आणि तिसरा आकडा पीएचपीच्या बाहेरचा: पीएस किंवा टॉपमध्ये दिसणारी आरएसएस, म्हणजे प्रोसेसची रॅममध्ये खरोखर वसलेली मेमरी. पहिला आकडा चढत असेल तर चोर पीएचपीच्या कोडमध्ये आहे. पहिले दोन स्थिर आणि तिसरा चढत असेल तर तो सीच्या एखाद्या लायब्ररीत आहे. पहिला स्थिर आणि दुसरा मोठा असेल तर मेमरीचे तुकडे तुकडे झालेत. प्रत्येक जॉबनंतर हे तीन आकडे एका ओळीत लिहायचे, एवढंच आम्ही आधी केलं. कोडला हातही लावला नाही.

दुसरी गोष्ट, सुरुवातीच्या जॉबचे आकडे सोडून द्यायचे. क्लास लोड होतात, टेम्प्लेट तयार होतात, कनेक्शन उघडतात, फॉन्ट वाचले जातात. पहिली काही मिनिटं आलेख चढतोच आणि चढायलाच हवा. त्या चढाला घाबरून लोक नको तिथं खणत बसतात. चढून सपाट झाला तर तो रियाज, म्हणजे वर्कर कामाला लागला. हजार जॉबनंतरही त्याच उतारानं चढत राहिला, तर शोधायचं.

आमचा चढत होता. दर जॉबला साधारण तीनशे केबी, फार थोड्या फरकानं, आणि पहिलाच आकडा. लातूरहून नुकताच आमच्याकडे लागलेला एक मुलगा शेजारी बसून आकडे बघत होता. तो म्हणाला, "ताई, आपली पीडीएफ केवढी असते?" काढून पाहिली. साधारण तीनशे केबी.

इतकी सरळ खूण क्वचित मिळते. प्रत्येक जॉब आपली पीडीएफ मागे ठेवून जात होता. कोडमध्ये तर पीडीएफचं व्हेरिएबल फंक्शन संपताच सुटत होतं. पण पीएचपीत स्ट्रिंगला धरणारा एक जरी रेफरन्स शिल्लक असला तरी ती जिवंत राहते, मग तो रेफरन्स कुठल्याही कोपऱ्यात असो. म्हणून प्रश्न बदलायला लागतो. मेमरी कुठं गेली असं विचारलं तर उत्तर मिळत नाही. ती कुठंच गेलेली नसते. ती धरून कोण बसलंय असं विचारायचं. आमची पीडीएफ डेटाबेसमध्ये जात होती, म्हणजे इन्सर्ट क्वेरीचं एक पॅरामीटर म्हणून जात होती. आणि डेटाबेसच्या लेयरमध्ये क्वेरी लॉग चालू होता. डेव्हलपमेंटच्या काळात कुठल्या पानावर किती क्वेऱ्या होतात ते दिसावं म्हणून ही सोय असते: प्रत्येक क्वेरी तिच्या पॅरामीटरसकट एका ॲरेत ठेवायची. वेबच्या विनंतीत तो ॲरे वीस-तीस क्वेऱ्यांचा होतो आणि विनंतीबरोबर मरतो. वर्करमध्ये तो मरतच नाही. ही गळती जवळजवळ प्रत्येक फ्रेमवर्कमध्ये कुणी ना कुणी अनुभवलेली आहे. लॅरावेलनं तर पाचव्या आवृत्तीपासून क्वेरी लॉग मुळातच बंद ठेवला. आमचा बंद करायला एक ओळ लागली.

उतार कमी झाला, पण गेला नाही. आता दर जॉबला काही केबीच वाढत होते, आणि मघाशी मोठ्या वाढीखाली झाकलेली एक गोष्ट उघडी पडली: जॉबला लागणारा वेळही वाढत होता. वर्कर नुकता उठलेला असताना जॉब झटपट व्हायचा; काही हजार जॉबनंतर तोच रेंगाळायचा. मेमरी आणि वेळ बरोबरीनं वाढत असेल, तर कुठलीतरी यादी वाढतेय आणि कुणीतरी ती दर वेळी पहिल्यापासून चाळतंय.

अर्ध्या-अर्ध्या भागानं कोड बंद करत गेलो. मेल पाठवणं बंद: वाढ थांबली. म्हणजे मेलमध्ये. तिथं प्रत्येक जॉब सुरुवातीला सांगत होता की मेल गेल्याची घटना झाली की मला कळव, म्हणजे मी नोंद करतो. त्यासाठी एक क्लोजर, एक अनाम फंक्शन, इव्हेंट डिस्पॅचरकडे नोंदवलं जात होतं. डिस्पॅचर प्रोसेसभर एकच. जॉब संपला तरी नोंदलेलं क्लोजर तिथंच राहत होतं. आणि पीएचपी ५.४ पासून क्लासच्या आत लिहिलेलं क्लोजर त्या ऑब्जेक्टला, त्याच्या धिस-ला, आपणहून धरून ठेवतं, आत त्याचा उल्लेख असो वा नसो. त्यामुळे क्लोजरच्या मागे अख्खा जॉब, त्याच्या मागे विद्यार्थ्याचं नाव, पत्ता, जन्मतारीख. हजारावा मेल गेला की हजार क्लोजर एकामागून एक चालत. त्यातली नऊशे नव्व्याण्णव आपल्या जुन्या विद्यार्थ्याच्या नावानं नोंद करायला जात, आणि "नोंद आधीच आहे" या तपासणीला अडून परत येत.

हे सापडलं तेव्हा मी मेमरीचा विचार बाजूला ठेवला. ती तपासणी कुणीतरी सावधपणे लिहून ठेवली होती म्हणून बरं. ती नसती तर एका विद्यार्थ्याच्या कामात दुसऱ्याची माहिती शिरली असती. वर्करमधली गळती रॅमचं नुकसान करते ते दिसतं. पण जी मेमरी उरते तिच्यात माणसांची माहिती असते, आणि उरलेली माहिती कधीतरी चुकीच्या ठिकाणी उगवू शकते. तेव्हापासून मेमरीचा उतार मला परफॉर्मन्सपेक्षा गोपनीयतेचा प्रश्न वाटतो, आणि मी टीममध्ये तो तसाच मांडते. नोंदणी आम्ही जॉबमधून काढून वर्कर सुरू होताना एकदाच होईल अशी केली. जिथं ऑब्जेक्टची गरज नाही तिथल्या क्लोजरना स्टॅटिक केलं, म्हणजे ती धिस-ला धरत नाहीत.

पीएचपीचा आकडा आता सपाट झाला. पण आरएसएस अधूनमधून उसळी मारायची, एकदम नव्वद-शंभर एमबीची, आणि बराच वेळ तशीच राहायची. आणि मधूनच, काही न करता, उतरायची. लातूरचा मुलगा म्हणाला, "लीक असेल तर उतरेल कशी?" या प्रश्नापाशी आम्ही सगळ्यांत जास्त थांबलो.

व्हॅलग्राइंड लावून पाहिलं. सीच्या प्रोग्रॅममधली मेमरी तपासायला त्याच्याइतकं भरवशाचं साधन नाही. पीएचपीवर ते चालवताना यूज_झेंड_अलॉक हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल शून्य करावं लागतं. नाहीतर झेंडचा मॅनेजर मध्ये उभा राहतो आणि व्हॅलग्राइंडला मोठे तुकडेच दिसतात. कित्येक पटींनी मंदावलेला वर्कर रात्रभर चालवला. अहवाल स्वच्छ: खऱ्या अर्थानं हरवलेलं, म्हणजे ज्याकडे जाणारा एकही पॉइंटर उरला नाही असं, जवळजवळ काहीच नाही. व्हॅलग्राइंड खोटं सांगत नव्हतं. या मेमरीचा पत्ता कुणाकडे तरी अजून होता.

धागा मिळाला तो टेम्प डिरेक्टरीत. काकांना तिथं मॅजिक या शब्दानं सुरू होणाऱ्या प्रचंड फायली पडलेल्या दिसल्या. त्या इमेजमॅजिकच्या. फोटो कापायला आम्ही इमॅजिक एक्स्टेन्शन वापरत होतो. इमेजमॅजिकला किती मेमरी वापरायची याची स्वतःची मर्यादा असते. ती भरली की ते पुढची चित्रं फायली करून डिस्कवर ठेवतं. आणि प्रोसेस अचानक मारली गेली तर त्या फायली मागे राहतात. म्हणजे एकाच वेळी अनेक चित्रं उघडी राहत होती, जेव्हा कोडप्रमाणे एका वेळी एकच असायला हवं होतं.

चित्र केवढं? बहुतेक मुलांचे फोटो सेवा केंद्रवाल्यांनी कापून लहान करून दिलेले. पण मोबाइलवरून अर्ज भरणारी मुलं कॅमेऱ्यातला फोटो तसाच चढवत. बारा मेगापिक्सेल, म्हणजे ४००० गुणिले ३०००. जेपेग म्हणून ती फाइल तीन-चार एमबीची. उघडली की इमेजमॅजिकच्या सहाव्या आवृत्तीच्या नेहमीच्या बांधणीत प्रत्येक पिक्सेलला आठ बाइट लागतात. एक कोटी वीस लाख गुणिले आठ: ९६ एमबी. उसळीचा आकडा जुळला.

राहिला प्रश्न ती धरून कोण बसलं होतं, आणि मग सोडत का होतं. याचं उत्तर पीएचपीच्या आतल्या हिशेबात आहे. प्रत्येक ऑब्जेक्टला किती जण धरून आहेत याची संख्या पीएचपी ठेवतं. संख्या शून्य झाली की ऑब्जेक्ट त्याच क्षणी जातो. ही पद्धत साधी आणि तत्पर आहे, पण तिला वर्तुळ कळत नाही. आमच्याकडे हॉलतिकिटाचा ऑब्जेक्ट फोटोच्या ऑब्जेक्टला धरून होता, आणि फोटोचा ऑब्जेक्ट, कुठल्या चौकटीत बसायचं ते विचारण्यासाठी, हॉलतिकिटाला. जॉबनं दोघांना सोडलं तरी दोघांनी एकमेकांना सोडलं नाही. दोघांची संख्या एक-एक. शून्य होणार कशी?

२००९ मध्ये पीएचपी ५.३ आलं तोवर अशी वर्तुळं विनंती संपेपर्यंत तशीच पडून राहत. ५.३ मध्ये वर्तुळं शोधणारा कलेक्टर आला. त्याची रीत डेव्हिड बेकन आणि व्ही. टी. राजन यांच्या २००१ च्या शोधनिबंधावर बेतलेली आहे. ज्याची संख्या कमी झाली पण शून्य झाली नाही, तो संशयित. संशयितांची यादी ठेवायची, ती दहा हजारांवर गेली की तपासणी करायची आणि बाहेरून कुणीच धरलेलं नाही अशी वर्तुळं सोडवायची. यातली मेख अशी, की कलेक्टर मोजतो ते संशयितांची संख्या. त्यांच्यामागे किती बाइट अडकलेत हे तो बघत नाही. इमॅजिकचा ऑब्जेक्ट पीएचपीच्या लेखी काही शे बाइटचा. त्याच्यामागचे ९६ एमबी इमेजमॅजिकनं थेट सिस्टिमकडून घेतलेले, झेंडच्या वहीत त्यांची नोंदच नाही. आमचा एक जॉब यादीत मोजकेच संशयित घालायचा, म्हणून यादी भरायला शेकडो जॉब जात. तोवर प्रत्येक मोठा फोटो तसाच उघडा. यादी भरली, कलेक्टर धावला, की सगळे एकदम सुटत आणि आरएसएस कोसळे. लातूरच्या मुलाच्या प्रश्नाचं उत्तर हे होतं.

फोटो कापून झाल्याबरोबर इमॅजिकच्या ऑब्जेक्टवर क्लिअर करायचं, आणि फोटोनं हॉलतिकिटाला न धरता फक्त चौकटीची मापं घ्यायची, असा बदल केला. वर्तुळच उरलं नाही. दर जॉबनंतर जीसी_कलेक्ट_सायकल्स बोलवायची सूचनाही आली होती, आणि काही कामांत मी ती वापरतेही. पण वर्तुळ कुठं आहे हे कळलेलं असताना ते तोडणं जास्त सरळ. कलेक्टरला उगाच पळवणंही फुकट नसतं. २०१४ च्या डिसेंबरात कंपोझर या पॅकेज मॅनेजरमध्ये कलेक्टर बंद करणारी एक ओळ घातली आणि जगभरच्या पीएचपीवाल्यांचं काम लक्षणीय वेगवान झालं. तिथं लाखो ऑब्जेक्ट सगळेच्या सगळे कामाचे होते. कलेक्टर पुन्हा पुन्हा यादी चाळून रिकाम्या हातानं परतत होता. पुढे २०१८ च्या पीएचपी ७.३ मध्ये यादीची मर्यादा परिस्थितीप्रमाणे कमी-जास्त होऊ लागली.

आता काकांशी माझा जो वाद झाला तो. त्यांचं म्हणणं पहिल्यापासून होतं की दर तासाला वर्कर रिस्टार्ट करा नि मोकळे व्हा. रिस्टार्टला कमी लेखणाऱ्यांतली मी नाही. सीच्या लायब्रऱ्यांत मेमरीचे तुकडे होतात, त्यावर पीएचपी लिहिणाऱ्याचा ताबा नसतो, म्हणून ठरावीक जॉबनंतर वर्करनं स्वतःहून बाहेर पडावं हे आम्ही शेवटी ठेवलंच. पण दोन अटींवर. वर्करनं हातातला जॉब पुरा करूनच जायचं. सिगटर्म, म्हणजे थांबायचा इशारा, आला तरी ऐकून घ्यायचं आणि काम संपल्यावर निघायचं. आणि रिस्टार्ट लावायचा तो कारण सापडल्यावर. आधीच लावला असता तर मेमरी कधी चढलीच नसती, वेळ वाढलेला दिसला नसता, आणि ती जुन्या विद्यार्थ्यांची क्लोजर तासातासाला नव्यानं जमत राहिली असती, कुणाच्याही नकळत. काकांना दुसरी अट पटायला वेळ लागला. क्लोजरच्या यादीतली नावं त्यांना स्क्रीनवर दाखवली तेव्हा पटली.

आता हा प्रश्न वर्करपुरता राहिलेला नाही. स्वूल, रोडरनर, लॅरावेल ऑक्टेन या साधनांमुळे वेबमागचं पीएचपीही विनंतीनंतर मरत नाही. ॲप्लिकेशन एकदा उभं राहतं आणि हजारो विनंत्या त्याच मेमरीत झेलतं. वेग वाढतो, खराच. पण जन्मून मरायच्या जुन्या रीतीत जे आपोआप साफ व्हायचं, ते आता लिहिणाऱ्याला साफ करावं लागतं. स्टॅटिक ॲरेत केलेला कॅश, सिंगलटनमध्ये ठेवलेला चालू वापरकर्ता, कधी न काढलेला लिसनर, हे सगळं वर्षानुवर्षं बिनधोक चाललेल्या कोडमध्ये असतं. मी नव्या माणसाचा कोड वाचते तेव्हा स्टॅटिक दिसलं की विचारते, हे रिकामं कधी होतं?

आम्ही एक टेस्ट लिहून ठेवली आहे. प्रत्येक नवा जॉब हजार वेळा चालवायचा, पहिले शंभर सोडायचे, आणि उरलेल्यांत मेमरी_गेट_युसेज आणि आरएसएस यांचा उतार ठरावीक मर्यादेपलीकडे गेला तर टेस्ट नापास. फोटोंमध्ये एक बारा मेगापिक्सेलचा मुद्दाम ठेवलेला आहे. ही टेस्ट त्या लातूरच्या मुलानं लिहिली. तो आता दुसऱ्या गावी टीम सांभाळतो. अलीकडेच एक जॉब तिच्यात नापास झाला. पत्त्यातल्या तालुक्यावरून जिल्हा काढणारं फंक्शन होतं, उत्तरं स्टॅटिक ॲरेत साठवणारं. तालुके मोजकेच, म्हणून लिहिणारीला ते सुरक्षित वाटलं होतं. पण किल्ली म्हणून तालुक्याचं नाव न वापरता मुलांनी टाइप केलेला अख्खा पत्ता वापरला होता, आणि पत्ते कधी संपत नाहीत. तिनं किल्ली बदलली, टेस्ट पुन्हा चालवली, उतार सपाट आला, आणि दुपारी तो कोड सर्व्हरवर गेला.